चतुःसीमा

बंगळूरच्या विमानतळ रस्त्याला ‘जुना’ हे विशेषण चिकटले ते २००८ च्या मे महिन्यात. देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या धावपट्टीवर उतरणारी प्रवासी विमाने तिकडे वळली, आणि मागे उरला तो नुसता रस्ता. दोम्मलूर, कोडिहळ्ळी, मुरुगेशपाळ्य ही एके काळची खेडी या रस्त्याच्या आसऱ्याने शहरात मुरून गेली आहेत. त्यांच्या मध्येच, सिमेंटच्या या गर्दीत डोळ्यांना अनपेक्षित वाटावे असे, गोल्फचे अठरा भोकांचे मैदान पसरले आहे. मैदानाला उंच भिंत आहे, भिंतीवर जाळी आहे, आणि जाळीपलीकडची हिरवळ रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही. ती पाहावयाची तर चौथ्या मजल्यावर जावे लागते, आणि चौथ्या मजल्यावर कायमचे जावयाचे तर बरीच मोठी किंमत मोजावी लागते.

ती किंमत मोजण्याची तयारी एका मराठी गृहस्थांनी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी केली. त्यांचे वडील मिरजेचे. १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळुरात विमानांचा कारखाना काढला, आणि त्यानंतरच्या वर्षांत दक्षिण महाराष्ट्रातली जी कुशल माणसे या कारखान्याच्या ओढीने इकडे आली त्यांत हे एक फिटर होते. मुलगा त्याच कारखान्यात अभियंता झाला आणि २०१८ साली निवृत्त झाला. बापलेकांची मिळून साठाहून अधिक वर्षे बंगळुरात गेली, पण दोघांपैकी एकानेही येथे घर बांधले नाही. वडील म्हणत, आपले घर मिरजेत आहे. मुलगा तसे म्हणत नसे, परंतु वागला मात्र तसाच. आधी कारखान्याची वसाहत, मग भाड्याची घरे. दर काही वर्षांनी तीच भांडी, तेच देव आणि तेच कपाट नव्या जिन्यावरून वर चढवायचे. निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या घरमालकाने घर रिकामे करावयास सांगितले, तेव्हा पत्नी एवढेच म्हणाली, “आता यापुढचं कपाट मी उचलू देणार नाही.”

बंगळूर आणि गोल्फ यांचा संबंध तसा जुना आहे. हाय ग्राउंड्स भागातला बंगळूर गोल्फ क्लब १८७६ सालचा. भारतात कलकत्त्याचा तेवढा त्याहून पुष्कळ जुना, १८२९ चा. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना येथली हवा मानवली आणि हवेबरोबर खेळही रुजला. मराठीने क्रिकेटला काही काळ तरी चेंडूफळी म्हणून पाहिले. गोल्फला मात्र तिने नाव देण्याचा खटाटोप केला नाही. तो आपला खेळ होईल असे कोणाला वाटलेच नसावे. आमच्या गृहस्थांनीही गोल्फची काठी जन्मात हाती धरलेली नव्हती. त्यांना हवी होती ती हिरवळ, आणि तीही लांबून. कारखान्याच्या कार्यालयातून छत्तीस वर्षे त्यांनी समोर पत्र्याचे एक छप्पर पाहिले होते. उरलेल्या आयुष्यात सकाळचा चहा घेताना समोर काही तरी हिरवे असावे, ही अपेक्षा काही अवाजवी म्हणता येणार नाही.

दलालाने इमारत दाखविली ती वीस वर्षांची जुनी, नीट राखलेली. तिच्या चौथ्या मजल्यावर दोन सदनिका एकाच वेळी विकावयास निघाल्या होत्या. खोल्या तितक्याच, क्षेत्रफळ तेच. एकीचा सज्जा मैदानाकडे, दुसरीचा मागच्या गल्लीकडे. गल्लीत इस्त्रीवाल्याची गाडी, मारुतीचे लहान देऊळ, दोन किराणा दुकाने आणि राजकालुवे, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारा जुना मोठा नाला. दोन्ही सदनिकांच्या किमतीत जे अंतर होते ते निव्वळ दृश्याचे. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि ठेवी एकत्र केल्या तर मागची सदनिका येत होती. पुढची घ्यावयाची तर मिरजेचे घर विकावे लागणार होते; आणि मिरजेच्या घरात अक्का राहत होती.

अक्का ही गृहस्थांची आठ वर्षांनी वडील बहीण. (‘अक्का’ आणि ‘अण्णा’ हे शब्द कानडीतून मराठीत आले याबद्दल भाषाशास्त्रज्ञांत फारसे दुमत नाही. मिरजेच्या आसपास मात्र कोणाला ते परके वाटत नाहीत.) तिचे बालपण बंगळुरात गेले, लग्न १९७० च्या सुमारास सांगलीकडे झाले, आणि वैधव्य आल्यावर ती वडिलांच्या घरी परतली. घरात दोघांचा समान हिस्सा होता. विकण्याला तिची सही हवी होती, आणि ती मागावयाची कशी या विचारात गृहस्थांचे तीन आठवडे गेले. अखेर फोनवर त्यांनी विषय काढला तेव्हा ती म्हणाली, “बाळू, सही ना? कागद आण, करते. पण एकदा जागा बघू दे.”

दरम्यान कागद तपासण्याचे काम चालू झाले होते. घर घेताना माणूस भिंती पाहतो, वकील कागद पाहतो. आणि कागदांची भाषा हा ज्यांच्या अभ्यासाचा विषय आहे त्यांनी बंगळुरातले एखादे खरेदीखत अवश्य वाचून पाहावे. येथील जमिनीच्या व्यवहाराची कानडी ही मराठी वाचकाला विलक्षण ओळखीची वाटते. जमिनीच्या उताऱ्याला ‘पहणी’, नोंदीला ‘खाते’, लागवडीला अयोग्य जमिनीला ‘खराबु’. आपली पाहणी, आपले खाते, आपला पोटखराबा. फारसी, मराठी आणि कानडी यांची शतकानुशतके चाललेली दप्तरी देवघेव या शब्दांत गोठून राहिली आहे. वाङ्मयाच्या इतिहासात आपण अनुवादांचे आणि प्रभावांचे हिशेब मांडतो, परंतु कुलकर्ण्यांनी आणि शानभोगांनी एकमेकांपासून काय उचलले याचा हिशेब अजून कोणी पुरता मांडलेला दिसत नाही. तो बहुधा कवींच्या देवघेवीहून मोठा निघेल.

तशी कवींची देवघेवही या गावाला नवी नाही. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या येथील दरबारात जमलेल्या नाना भाषांच्या कवींचे वर्णन जयराम पिंड्ये याने आपल्या ‘राधामाधवविलासचंपू’त करून ठेवले आहे, राजवाड्यांनी हा ग्रंथ १९२२ साली छापून प्रसिद्ध केला. शहाजीराजांमागून बंगळूर एकोजीकडे आले. एकोजीचे लक्ष तंजावरात गुंतलेले. हे दूरचे गाव सांभाळणे त्याला जड झाले, आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजाशी तीन लाखांना सौदा ठरला. सौदा पुरा होण्याआधीच, १६८७ च्या जुलैत, कासिमखानाच्या मोगल सैन्याने गाव घेतले. मग त्याच रकमेला ते मोगलांकडूनच म्हैसूरकरांना मिळाले. विकत की भाडेपट्ट्याने, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. ही हकीकत वकिलाने सांगितली तेव्हा गृहस्थ हसले. एकोजीने ज्या रकमेला सबंध बंगळूर काढले होते तिच्यात आज या इमारतीतली न्हाणीघराएवढी जागाही येत नाही. वकील मात्र हसला नाही. तो म्हणाला, “सर, एकोजीचा व्यवहार का फसला? ताबा देण्याआधी तिसरा माणूस आत शिरला. म्हणून म्हणतो, विसार देण्याआधी बोजा नसल्याचा दाखला काढा.”

हा वकील वयाने लहान, पण कामात चोख होता. त्याने पालिकेचे खाते ‘अ’ वहीत आहे की ‘ब’ वहीत हे पाहिले, कारण बंगळुरात या एका अक्षरावर कर्ज मिळणे न मिळणे अवलंबून असते. नाल्यापासून इमारत किती अंतरावर आहे तेही त्याने मोजून घेतले. तळ्यांभोवती पंचाहत्तर मीटर जागा मोकळी सोडावी असा हरित न्यायाधिकरणाचा २०१६ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली रद्द केला असला, तरी सावध असलेले बरे, असे त्याचे म्हणणे. शेवटी गृहस्थांनी विचारले, “आणि समोरचं मैदान? ते असंच राहील, असं काही लिहून मिळतं का?”

“नाही मिळत. क्लबचं सभासदत्वही घराबरोबर येत नाही. तुम्ही भिंतीच्या अलीकडेच राहणार.”

“निदान दृश्यावर तरी हक्क?”

वकिलाने सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. शेजाऱ्याच्या जागेवरून आपल्या खिडकीत येणारा उजेड आणि वारा यांवर, वीस वर्षे तो निर्वेध मिळाला असेल तर, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने हक्क सांगता येतो. मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या उजेडवाऱ्यावर तो याप्रमाणे मिळत नाही. निश्चित प्रवाहाने न वाहणाऱ्या भूमिगत पाण्यावरही नाही. आणि नुसत्या देखाव्यावर तर इंग्रज न्यायाधीशांनी १६१० सालीच पाणी सोडले आहे. देखावा ही सुखाची बाब आहे, गरजेची नव्हे, आणि सुखासाठी कायदा धावून येत नाही. म्हणजे दोन सदनिकांमधले जे अंतर होते, ज्यासाठी मिरजेचे घर जावयाचे होते, ते खरेदीखतात कोठेच उमटणार नव्हते.

गृहस्थांचा निश्चय यानेही ढळला नाही. हक्काने मिळते तेवढेच माणसाला हवे असते असे थोडेच आहे?

अक्का आली ती २०२४ च्या मार्चमध्ये. त्या उन्हाळ्यात बंगळुरात पाण्याचा दुष्काळ होता. शहराला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून, तेही चढावर उपसून येते. पावसाने दगा दिलेला, विंधणविहिरी आटलेल्या. बागांना, मोटारी धुण्याला पिण्याचे पाणी वापरल्यास पाच हजार रुपये दंड जाहीर झाला होता. भाड्याच्या घराखाली पहाटे टँकर येई आणि त्याच्या भोंग्याने अक्काला जाग येई. मिरजेच्या घराच्या परसात आड आहे. त्यावर रहाट आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही अक्का सकाळी दोन कळशा हाताने ओढते. नळ नाही म्हणून नव्हे, नळाला काही कळत नाही म्हणून. हा तिचा शब्दप्रयोग.

तिला सदनिका दाखवावयास नेले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. गृहस्थांनी मोठ्या हौसेने सज्जाचे दार सरकविले. खाली हिरवळीवर फवारे फिरत होते, दोन टिटव्या ओरडत पळत होत्या, पांढऱ्या टोपीतला एक माणूस वाकून चेंडू ठेवीत होता. दलाल म्हणाला, काळजी नको, हे शुद्ध केलेले सांडपाणी आहे. अक्काने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. ती कठड्याला धरून बराच वेळ उजवीकडून डावीकडे पाहत राहिली.

“बाळू, हे चल्लघट्टचं तळं रे.”

“तळं नाही अक्का, गोल्फचं मैदान.”

“मैदान आता. पावसाळ्यात इथं पाणी असायचं. वसाहतीतले गणपती आम्ही इथं आणायचो. तू अण्णांच्या खांद्यावर. मूर्ती सोडली की तू रडायचास, परत काढा म्हणून.”

अक्काची आठवण खोटी नव्हती. चल्लघट्ट नावाचे तळे येथे होते आणि आज त्या जागी गोल्फचे मैदान आहे, ही नोंद बंगळूरच्या गेलेल्या तळ्यांच्या प्रत्येक यादीत सापडते. त्या याद्या वाचताना शहराचा नकाशा उलटा दिसू लागतो. बसस्थानक म्हणजे धर्मांबुधी तळे. कंठीरव क्रीडांगण म्हणजे संपंगी तळे. आणखी एका तळ्यावर हॉकी चालते, एकावर फुटबॉल. बंगळूरला नदी नाही. १५३७ साली केंपेगौडाने गाव वसविले त्याच्या कितीतरी आधीपासून येथल्या लोकांनी उतारावर बांध घालून एकाखाली एक तळी बांधली. वरचे भरले की सांडवा खालच्यात. शेजारच्या दोम्मलूरच्या चोक्कनाथ मंदिरात तेराव्या शतकातले तमिळ शिलालेख आहेत. त्यांत देवाला दिलेल्या उत्पन्नात तळ्याचेही उत्पन्न आहे. त्या काळी दाते देवाला तळे देत असत.

आणि साखळीचा एक दुवा मैदान झाला म्हणून पाणी उतरावयाचे थांबत नाही. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्याचे पाणी आजही बेळ्ळंदूरकडेच जाते. फरक इतका की त्यात बहुतांश सांडपाणी असते. २०१७ च्या फेब्रुवारीत बेळ्ळंदूरच्या तळ्याच्या पृष्ठावर आग लागल्याची छायाचित्रे जगभर छापली गेली. त्याच खोऱ्यातले शुद्ध केलेले पाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातल्या कोरड्या तळ्यांत सोडले जाते. बंगळूरने आपली तळी बुजविली आणि वापरलेल्या पाण्याने दुसऱ्याची भरली. याला पुण्य म्हणावे की प्रायश्चित्त, की नुसती विल्हेवाट, हे कोलारच्या शेतकऱ्याला विचारले पाहिजे. त्याच्या विहिरीला पाणी आले आहे, आणि ते पाणी कसे आहे याची धास्तीही त्याला आहे.

परतताना मोटारीत कोणी फारसे बोलले नाही. रात्री जेवणे झाल्यावर अक्काने पिशवीतून चष्मा काढला आणि म्हणाली, “आण ते कागद. कुठं करायची सही?”

गृहस्थांनी कागद पुढे केले. तिचा अर्धा वाटा तिच्या नावे बँकेत ठेवायचा, व्याज तिला, मधली खोली तिची, खोलीला वेगळी न्हाणी. सारे त्यांनी बारकाईने ठरविले होते आणि त्यात लबाडी नव्हती. अक्का ऐकत होती. “चांगलं आहे,” ती म्हणाली. तेवढ्यात त्यांची पत्नी भांडी आवरता आवरता दारात येऊन उभी राहिली.

“वन्सं, एक विचारू? तुम्हाला इथं यायचंय का?”

“बाळू म्हणतोय ना.”

“ते काय म्हणतात ते मला माहीत आहे. तुम्हाला यायचंय का?”

अक्काने चष्मा पुसला. उत्तर द्यावयास तिला बराच वेळ लागला, आणि दिले ते विचारलेल्या प्रश्नाचे नव्हते. “रहाटाला आता ग्रीस लागतं महिन्या-दोन महिन्यांनी,” ती म्हणाली. “वापरलं नाही की आड बिघडतो. कोण बघणार?”

पत्नीने कागद गोळा केले आणि कपाटात ठेवले. नवऱ्याशी तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दलालाला फोन तिनेच केला आणि मागच्या सदनिकेचा भाव पुन्हा विचारला. गृहस्थ चार दिवस घुम्म होते. पाचव्या दिवशी ते एकटेच जाऊन मागच्या सज्जात उभे राहून आले, आणि परत येऊन म्हणाले, “देवळातली घंटा ऐकू येते.” ही तक्रार होती की संमती, हे पत्नीला कळले नाही. तिने ती संमती धरली.

खरेदीखत जूनमध्ये नोंदले गेले. उपनिबंधकांच्या कार्यालयात नेहमीची गर्दी. बोटांचे ठसे, छायाचित्रे, पुन्हा ठसे. अक्का साक्षीदार म्हणून मिरजेहून मुद्दाम आली होती. मसुदा वकिलाने इंग्रजीत केला होता, परंतु सोबत जोडलेल्या मूळ दस्ताची प्रत जुन्या कानडीत होती. इमारत होण्यापूर्वी ती जमीन शेत असतानाची. वेळ जात नव्हता म्हणून अक्का ती वाचू लागली. शाळेत शिकलेली कानडी पन्नास वर्षांत गंजली नव्हती. ती बोट ठेवून, अक्षर लावून, हळू वाचत होती. ‘चक्कुबंदी’ या शब्दाशी ती थांबली.

“हे काय रे?”

“चतुःसीमा,” गृहस्थ म्हणाले. “चार बाजूंना काय आहे ते.”

अक्का पुढे वाचू लागली. एका बाजूला कोणाचे तरी शेत, एका बाजूला गाडीवाट, एका बाजूला कालुवे. चौथ्या बाजूशी तिचे बोट थांबले, आणि तिने ते शब्द मोठ्याने वाचले: “चल्लघट्ट केरे.” वकील म्हणाला, जुन्या दस्तातल्या सीमा नव्यात आहेत तशाच उतरवून घेतात, बदलल्या तर ओळख पटविताना घोळ होतो, आपल्या खरेदीखताच्या अनुसूचीतही त्या तशाच आहेत. गृहस्थांनी आपली प्रत उघडली. अनुसूचीत इंग्रजीत तेच लिहिलेले होते.

तेवढ्यात नाव पुकारले गेले, आणि तिघेही उठून खिडकीशी गेले.